जात्यात कोण आहे

आमच्या कारखान्यात दगड दळायचं यंत्र आहे. कागदावर त्याचं नाव बॉल मिल, आमच्या तोंडी जातं. आडवं पोलादी पिंप, तीन खोल्या सलग मांडाव्यात एवढं लांब. ते फिरलं की आतल्या दगडाचं पीठ होतं, पुढच्या भट्टीसाठी. जात्याला घास निवडून द्यावा लागतो, त्याला स्वतःला निवडता येत नाही. आत माणूस असताना ते फिरलं तर काय, हे आम्ही बोलत नाही. जिभेवर आलं तरी गिळतो.

म्हणून कुलपं. वीजखोलीत जात्याचा ब्रेकर आहे, वीज सोडायचा मोठा खटका. दुरुस्तीला आत शिरणाऱ्या प्रत्येकानं त्याच्या दांडीला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली गळ्यात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत ब्रेकर चढत नाही. आणि तो चढवणारी मी. इथली इलेक्ट्रिशियन. अकरा वर्षं या जात्याला मीच निजवते, मीच उठवते.

त्या दिवशी आतलं लोखंडी अस्तर बदलून झालं होतं. सकाळचे अकरा. माझे धाकटे दीर इथेच फिटर आहेत. त्यांची टोळी बाहेर आली, कुलपं काढून चहाकडे वळली. पाच कुलपं निघाली. सहावं माझं. ते काढण्याआधी मी एक करते, कुठल्या नियमात नाही ते. जात्यापाशी जाते, पान्यानं तीनदा ठोकते आणि कान लावते. झोळीतलं लेकरू जागं आहे का बघावं, तसं.

टण, टण, टण.

आतून आलं. टण, टण, टण.

"भाऊजी, आत कोण राहिलंय?"

"कोण राहणार, वहिनी? उंदीरसुद्धा सही करून बाहेर आलाय."

तरी त्यांनी दाराचं झाकण काढलं, विजेरी घेऊन आत डोकावले. नवं अस्तर आणि अंधार. तेवढ्यात साहेब आले.

"लोखंड गार होताना वाजतं, बाई."

"वाजतं, साहेब. पण मोजून वाजत नाही."

मी दोनदा ठोकलं. आतून दोन. पाचदा ठोकलं. आतून पाच, सावकाश, एकही न चुकता. भाऊजींचं हसू ओठांवरच सुकलं.

साहेबांनी हात पुढे केला. "तिकडे भट्टी उपाशी आहे. किल्ली द्या, मी काढतो कुलूप."

"किल्ली गळ्यात आहे. न्यायची तर गळ्यासकट न्या." मी भाऊजींकडे वळले. "कुलपं नका सांगू. माणसं सांगा."

ते बोटांवर मोजू लागले. पाच बोटं संपली, आणि ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"वेल्डर," ते म्हणाले.

आमचा वेल्डर म्हणजे असून नसल्यासारखा माणूस. पंगतीतून उठून गेला तर शेजारच्याला पत्ता लागू नये.

"त्याचं कुलूप?"

"किल्ली घरी विसरला होता. मी म्हटलं, माझ्या कुलपावर जा, पाच मिनिटांचं तर काम. वहिनी, तो बाहेर पडताना मी पाहिला." मग आवाज खाली गेला. "पाहिला असं वाटलं."

जात्याला आत दोन खण. मधे जाळी, जाळीत माणूस सरपटत जाईल एवढंच भोक. पलीकडच्या खणाचं काम आदल्या दिवशीच संपलेलं, म्हणून तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. आपलं कालचं जोडकाम एकदा बघून यावं म्हणून तो एकटा तिकडे गेला, आणि साचलेल्या धुरानं बेशुद्ध पडला. भाऊजी जाळीतून सरपटत गेले, तेव्हा पार शेवटाला पालथा सापडला, दोन्ही हात अंगाखाली. श्वास होता.

डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी याची शुद्ध हरपलेली असणार.

आतून ठोकलं गेलं ते दाराजवळ. माझ्या कानाशी. तिथून तो वीस पावलांवर होता.

चौकशीसाठी जातं बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. भाऊजी आत येईनात, दाराच्या चौकटीला नखानं कोरत उभे राहिले.

"आतून तुम्हीच ठोकलंत का?" मी वेल्डरला विचारलं.

"मी कुठला, ताई. बोट हलत नव्हतं." तो छताकडे बघत बोलत होता, एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "पण उशाशी कुणीतरी बसलं होतं. कपाळावर हात ठेवला, गारेगार. म्हणालं, निज तू. मी सांगतो त्यांना."

"कोण होतं?"

"ओळखीचं नाही. पण तिथलंच. खूप दिवसांचं."

रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी जातं उठवायचं होतं, उठवणारी मी.

सकाळी मी कुलपं मोजलीच नाहीत. एकेकाच्या खांद्याला हात लावून माणसं मोजली. सगळी बाहेर. साहेब घड्याळ बघत उभे. मी पाना हातात घेतला आणि खाली ठेवला. ठोकून काय विचारायचं? उत्तर मला ठाऊक होतं. ज्यानं आमचा माणूस राखला, त्याच्यावर मी ब्रेकर चढवायचा?

दार अजून उघडं होतं. मी वाकून आत तोंड घातलं. घरातल्या वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी म्हणाले, "या आता बाहेर. काम झालं."

आणि दारातून बाजूला झाले.

कुणी हसलं नाही. भाऊजींनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि भिंतीशी सरकले. त्यांच्या मागे टोळी सरकली. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, घड्याळ बाहीखाली ढकललं आणि तेही पाऊलभर मागे झाले. मधे एक वाट उरली, एका माणसापुरती. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला उंबरा ओलांडायला लागतो, तेवढा वेळ आम्ही थांबलो. वारा नव्हता. दारापाशी अस्तराची धूळ पडली होती, ती तशीच होती.

मग भाऊजींनी झाकण बसवलं. मी कुलूप काढलं, ब्रेकर चढवला. जमीन थरथरली, जातं रोजच्यासारखं फिरू लागलं.

चहाची वेळ झाली होती. ती वाट तुडवून कुणी गेलं नाही. सगळे भिंतीभिंतीनं, वळसा घालून गेले.