पाण्याने भरलेली कोरडी विहीर

फोन आला तेव्हा बोअरवाले न्हाणीघरात होते, डोक्याला साबण लावून. फोन बायकोने उचलला. पलीकडे तेलकंपनीच्या ऑफिसातला कारकून होता. तो म्हणाला, काल तपासणी झाली, पाणी लागलंय, तेवढं साहेबांना सांगा. त्याचा आवाज पडलेला होता, पण हे तिला नंतर आठवलं.

ज्या घराची चूल चाळीस वर्षं 'पाणी लागलं' या दोन शब्दांवर पेटली, त्या घरातल्या बाईने दुसरं काय करावं? तिने न्हाणीघराचं दार धडाधडा वाजवलं.

"अहो, लागलं! पाणी लागलं! तुमच्या त्या विहिरीला पाणी लागलं!"

आत बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज झाला. मग बोअरवाल्यांनी अगदी हळू विचारलं, "काय लागलं?"

"पाणी हो! भरपूर लागलंय म्हणे!"

ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले तोवर तिने बहिणीला फोन लावून बातमी दिलीसुद्धा होती. बोअरवाल्यांच्या एका डोळ्यात साबण गेला होता आणि दुसऱ्यात रक्त उतरलं होतं. "पाणी घेऊन काय करू मी?" ते ओरडले. "तेलाची विहीर आहे ती! तेलाची!"

बायको फोन कानापासून लांब धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "मग आता बहिणीला काय सांगू?"

"सांग, पैसे पाण्यात गेले म्हणून," ते म्हणाले. आपणच काय बोललो ते ऐकून मग ते तिथेच ओल्या अंगाने खुर्चीवर बसले.

आता हे बोअरवाले काही कच्चे गडी नव्हते. त्यांनी आयुष्यात हजारावर बोअर मारले होते. वर आलेली भुकटी चिमटीत धरून खाली मुरूम आहे की खडक, हे ते सांगत. आणि त्यांचं खरं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पाणी लागत नसलं की ते मशीन बंद करत आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, "इथे काही नाही. घरी जा." गिऱ्हाईक गयावया करे, अजून वीस फूट जाऊ द्या म्हणे. काही जण पाणाड्याला पुन्हा बोलावत, आणि तो हातातली काडी फिरवून ठरल्याप्रमाणे सांगे, की याच्या खाली दुसरा झरा आहे. पहिला हुकला की पाणाड्याला दुसरा झरा दिसतोच. बोअरवाले त्याला हाकलून देत आणि रॉड वर ओढायला लागत. गिऱ्हाईक त्या दिवशी शिव्या देई आणि वर्षभराने शेजाऱ्याला त्यांच्याकडेच पाठवी.

"जमिनीच्या पोटातलं मला कोणी शिकवू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याच वाक्याने घात केला. वर्षापूर्वी तेलकंपनीचा एजंट दारात आला, तेव्हा तो बेटा एवढंच म्हणाला, "तुम्हाला काय समजवायचं? तुम्ही तर यातलेच." झालं. त्यापुढे बोअरवाल्यांनी एक कागद धड वाचला नाही. जिथे कोणी कधी तेल काढलं नव्हतं अशा जागी कंपनी पहिलीच विहीर खोदणार होती. पैसे घालणारे पन्नासेक जण होते, त्यांत हे एक. कंपनीने दिलेला रंगीत नकाशा त्यांनी आपल्या शेडमध्ये भिंतीवर डकवला आणि त्यावर पिवळ्या रंगातला तेलाचा थर येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने दाखवत राहिले.

घातलेले पैसे होते नव्या मशीनचे. आणि नवी मशीन यायची होती लेकीसाठी.

लेक एकुलती एक. नऊ वर्षं तीच मशीन चालवत होती. खाली खडक फोडणाऱ्या हातोड्याचा आवाज बदलला की खडक बदलल्याचं तिला आधी कळे, बापाला नंतर. पण जुनी मशीन आता रोज एक नखरा करायची. कधी होजपाइप फुटे, कधी कॉम्प्रेसर दम टाके. खाली तेलाचं थारोळं साचलेलं असे, आणि लेक म्हणायची, "बाबा, लांब कशाला जाता तेलासाठी? ही काय घरचीच विहीर आहे." बोअरवाल्यांना हसू यायचं नाही. महिन्याच्या सुरुवातीलाच पलीकडच्या बोअरवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे दोन कोऱ्या मशिनी होत्या त्याने, तिला आपल्याकडे यायला सांगितलं होतं. तिने ते लपवलं नाही. जेवताना सरळ सांगितलं, "महिनाअखेर कळवते म्हटलंय मी त्यांना."

"महिनाअखेर तेल लागतंय," बोअरवाले म्हणाले होते. "एक सोडून दोन मशिनी घेऊ. कळव त्याला."

आणि लागलं पाणी.

दुसऱ्या दिवशी कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. बोअरवाल्यांना लेकीनेच गाडीतून सोडलं. ती खाली थांबली.

वर थंडगार खोली, लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. बाटलीकडे बघूनही बोअरवाल्यांचं डोकं फिरत होतं. कंपनीचा तरुण भूगर्भतज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत अर्धा तास बोलला. त्यात 'उत्साहवर्धक' हा शब्द नऊ वेळा आला. बोअरवाल्यांनी बोटांवर मोजला.

"ते राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "वर काय आलं ते दाखवा."

तज्ज्ञाने नाइलाजाने छोटी पाकिटं लावलेली एक पेटी पुढे सरकवली. प्रत्येक पाकिटात एकेका खोलीवरची भुकटी. शेवटचं पाकीट बोअरवाल्यांनी फोडलं आणि चिमूट जिभेवर ठेवली. शेजारी बसलेले दातांचे डॉक्टर दचकून मागे सरकले.

"खारट," बोअरवाले म्हणाले. "ठिसूळ वाळूचा दगड, आणि गच्च भरलेला खाऱ्या पाण्याने. तेलाचा वाससुद्धा नाही."

"बरोबर," तज्ज्ञ म्हणाला. "या थरापुरतं बोलायचं तर आमच्या भाषेत विहीर कोरडी."

"काय?"

"कोरडी. तेल नाही म्हणजे कोरडी."

"अहो, पाण्याने भरलीय म्हणता ना आत्ताच?"

"हो. पाण्याने भरलेली आहे. पण कोरडी."

बोअरवाल्यांनी हात जोडले. चाळीस वर्षांत त्यांनी कोरडे बोअर पाहिले होते, पाण्याचे पाहिले होते. पाण्याने भरलेला कोरडा बोअर बघायला मात्र त्यांना आयुष्यभराची शिल्लक मोजावी लागली. आणि हे सांगणारा पोरगा त्यांच्या लेकीपेक्षाही लहान, बुटांना चिखलाचा ठिपका नाही. त्यांना त्याची मान धरून त्याला पाकिटातली भुकटी चारावीशी वाटली.

पण तज्ज्ञाचं संपलं नव्हतं. त्याने नवा नकाशा पडद्यावर आणला. पाण्याच्या थराखाली तीनशे मीटरवर आता दुसरा एक थर होता, छान पिवळा. तिथवर जायचं, तर प्रत्येकाने आणखी थोडी रक्कम घालायची. जो घालणार नाही तो बाहेर, त्याचा हिस्सा संपला. फॉर्म समोर ठेवलेले होते.

बोअरवाल्यांनी नकाशाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं लख्ख कळलं. हा थर वर्षापूर्वीच्या नकाशात नव्हता. शेडमधल्या भिंतीवरचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता. त्यात खाली नुसता करडा रंग होता.

"हा पहिल्या नकाशात दिसला नाही," ते म्हणाले.

"नव्या माहितीनुसार आहे, सर."

म्हणजे पाणाड्याचा दुसरा झरा. फक्त काडीऐवजी कॉम्प्युटर. उठावं, खुर्ची मागे सारावी, आणि इथे काही नाही, घरी जा, असं सगळ्यांना ठणकावून सांगावं. एवढंच करायचं होतं. दातांचे डॉक्टर तर त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, या माणसाला कळतं म्हणून.

बोअरवाल्यांनी खाली मान घातली आणि सही केली. त्यांचं बघून डॉक्टरांनीही केली.

गाडीत लेकीने विचारलं, "काय झालं?"

"चांगलं आहे. अजून तीनशे मीटर जायचं ठरलं."

तिने चावी फिरवली होती ती पुन्हा बंद केली. "खाली काय आहे?"

"थर आहे एक. तेलाचा."

"पहिल्या नकाशात होता?"

लेकीला आपणच तयार केलं, याचा बोअरवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा वैताग आला. "होता," ते म्हणाले. "चल आता, उकडतंय."

ती काही क्षण हातातल्या फोनशी चाळा करत बसली. मग तिने फोन खिशात टाकला आणि गाडी काढली. घरी गेल्यावर बोअरवाल्यांनी बायकोच्या नावावरची ठेव मोडली. बायको म्हणाली, "आता काय लागायचं बाकी आहे?" आणि त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

पुढचे पंधरा दिवस बोअरवाल्यांनी स्वतःलाही छळलं आणि घरालाही. रोज सकाळी कंपनीचा अहवाल मोबाइलवर येई. काम प्रगतिपथावर. बिट बदलणे. हवामान ठीक. हवामान ठीक असल्याचं वाचून त्यांचा पारा चढायचा. ऑफिसात फोन केला की तोच कारकून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणायचा. एकदा ते स्वतः विहिरीवर जाऊन थडकले, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना हेल्मेट नाही म्हणून आत सोडलं नाही. त्यांनी गाडीतलं स्वतःचं हेल्मेट आणून दाखवलं. ते चालत नाही म्हणाला, कंपनीचंच लागतं. दोन बोअरची कामं आली ती त्यांनी चिडचिड करून घालवली. लेक जुन्या मशीनखाली आडवी होऊन होज बांधत राहिली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती शेडमध्ये त्यांच्यासमोर आली आणि एक छापील कागद ठेवला. अनुभवाचा दाखला. पलीकडच्या बोअरवाल्याला जुन्या मालकाच्या सहीचा हवा होता.

"घाई काय आहे?" बोअरवाले म्हणाले. "आज-उद्या खालचा निकाल येतोय. आठ दिवस थांब."

"लिहा बाबा."

त्यांनी पेन घेतलं. नाव, कामाचं स्वरूप, वर्षं. किती बोअर, या ओळीपाशी त्यांनी 'दोनशे अकरा, सर्व यशस्वी' असं ठसठशीत लिहिलं. लेकीला त्याने आनंद होईल असं त्यांना वाटलं.

"खोटं नका लिहू," ती म्हणाली. "एकवीस कोरडे गेले."

"अगं, कोण मोजायला येतंय? कंपन्या असंच लिहितात."

"मी कंपनी नाहीये."

त्यांनी 'सर्व यशस्वी' खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं, एकशे नव्वद यशस्वी, एकवीस कोरडे.

"आणि तिकडची?" तिने विचारलं.

"कुठली?"

"बाबा."

बोअरवाले पेनाच्या टोपणाशी खेळले. मग म्हणाले, "कोरडी. तीनशे मीटर गेले काय आणि तीन हजार गेले काय. मला तिथे टेबलावरच कळलं होतं."

"मला गाडीत कळलं. तुमचा नकाशा वर्षभर माझ्याच डोळ्यांसमोर आहे." तिने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कळलं होतं तर सही कशाला केलीत?"

याचं उत्तर ते पंधरा दिवस स्वतःलाही देत नव्हते. आता ते चिडून बाहेर पडलं. "कशाला म्हणजे? तिथे संपलं म्हटलं असतं तर मशीनही संपली. मशीन नाही म्हटल्यावर तू जाणार. निदान महिनाअखेरपर्यंत तरी..."

लेकीचा चेहरा लाल झाला. "मी मशीनसाठी थांबले होते असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "नऊ वर्षं त्या खटाऱ्याखाली लोळतेय मी, मशीनसाठी? त्या दिवशी गाडीत नुसतं म्हणाला असतात ना, की फसलो गं, तर तिथूनच त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं असतं. फोन हातातच होता माझ्या. तुम्ही माझ्या तोंडावर म्हणालात, होता."

"मग आत्ता कर फोन," बोअरवाले घाईने म्हणाले. "आत्ता सांगतो ना, फसलो. चुकलं माझं. कर फोन."

"सकाळीच हो म्हणून आले."

बोअरवाल्यांनी कागद पुन्हा वाचल्यासारखं केलं. त्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती. त्यांनी अंदाजाने ओळ शोधून सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो उचलला, एकदा वरून खाली पाहिला आणि पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

त्यांनी तारीख घातली.