घटाखालच्या फळ्या

पाऊस गेला की धोकाही गेला, असे आपण सगळेच धरून चालतो. छत्री माळ्यावर जाते आणि तिच्यासोबत सावधगिरीही!

बेलापूरला सरकारी कचेऱ्यांच्या इमारती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. मुकादम गोटीराम त्याच गावचा. इथली माती आपल्याला पाठ आहे, असा त्याचा तोरा. ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन वरून खडखडीत वाळली. नवरात्र आले. मजुरांच्या मांडवात घटासाठी चौथरा हवा होता. गोटीरामने पायाच्या खोल चरातले टेकू काढले आणि कडा धरून ठेवणाऱ्या फळ्या उपसून मांडवात नेल्या.

त्याची बायको केशरबाई तिथेच घमेली वाहायची. ती म्हणाली, "अवो, माती वरशी सुकलीय. आत अजून वली हाय. फल्या काढू नका."

"पाऊस गेला ना? मंग! तू मना माती शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी तो चरात उतरला आणि कड ढासळली. गोटीराम छातीपर्यंत गाडला गेला! पाय हलेनात. श्वास सोडला की माती आणखी आवळायची, पुढचा श्वास तोकडा पडायचा. वर लख्ख ऊन, आणि समोर तडकलेली दुसरी कड. माणसे धावत आली तशी तिच्यातूनही ढेकळे सुटू लागली.

"कडंला येऊ नका!" केशरबाई ओरडली. "आदी फल्या आना!"

सगळे मांडवाकडे पळाले आणि तिथेच थबकले. बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो. कुणाचा हात पुढे होईना. तिकडे गोटीरामच्या गळ्याशी माती आली होती.

केशरबाईने घट उचलला आणि भुईवर ठेवला. "आई रागावली तं मना रागवंल! उचला फल्या!"

फळ्या लागल्या, टेकू बसले, मगच माणसे खाली उतरली. गोटीराम जिवंत बाहेर आला. संध्याकाळी घटासमोर बसून तो ढसाढसा रडला.

"आई, तुला मी मानसांच्या जीवावर बसवली!"

मित्रहो, ऋतू बदलला की काम पुन्हा तपासा. वरच्या उन्हावर विसंबू नका. कुठलाही आधार काढण्याआधी त्यावर कुणाचा जीव टेकला आहे, ते बघा.

पुढच्या नवरात्रात मजुरांनी चौथऱ्याचा विषय काढला, तेव्हा गोटीरामने स्वतः भुई सारवून घट बसवला. फळ्या नव्या इमारतीच्या चरातच होत्या.