बागकाम सांगायचं ठरलं होतं

लाँड्रीवाल्याला स्वतःच्या इंग्रजीची काडीचीही काळजी नव्हती. त्याला काळजी होती ती बायकोची.

परदेशात असलेल्या लेकीला दिवस गेले होते. आईबाबांनी दुकान विकून कायमचं आपल्याकडे यावं, असा तिचा हट्ट होता. त्या देशाचा नियम मात्र आडमुठा. येणाऱ्या दोघांनाही रोजच्या साध्यासुध्या विषयांवर इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. एक जरी नापास झाला, तरी दोघांनाही परवाना नाही. परीक्षाही दोघांची एकत्रच, समोरासमोर बसून एकमेकांशी बोलायची.

म्हणून दोघं संध्याकाळच्या क्लासला जाऊ लागले. तिथे लाँड्रीवाला पुढच्या बाकावर बसून सरांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकून द्यायचा. बायको खिडकीपाशी हाताची घडी घालून गप्प. सरांनी काही विचारलं की हसायची, आणि सरही पुढे सरकायचे. हिच्यामुळे आपलं जाणं राहणार, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं. तसं तो तिला बोलूनही दाखवायचा, अगदी प्रेमाने.

क्लासच्या सरांचा मंत्र सोपा होता. "परीक्षक खरं-खोटं करायला तुमच्या घरी येत नाहीत. छंद नसेल तर बनवा. आणि जोडीदाराला प्रश्न विचारा. प्रश्न विचारण्याला वेगळे गुण आहेत." लाँड्रीवाल्याने दोघांसाठी बागकाम निवडलं. खिडकीत साधी एक कुंडी नव्हती, पण इंग्रजीत त्याची बाग नुसती बहरली होती. गुलाब, वेली, खत, कीड, सगळं तोंडपाठ. बायकोच्या वाट्याला एवढंच ठेवलं होतं: मलाही बागकाम आवडतं, मी झाडांना पाणी घालते. तेवढं तरी तिला जमावं.

परीक्षेची खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, आवाज टिपणारं छोटं यंत्र आणि चष्मा नाकावर ओढलेल्या परीक्षक बाई. बाईंनी पुढे केलेल्या कार्डावर विषय होता फावला वेळ. लाँड्रीवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने गुलाबापासून सुरुवात केली ती किडीपर्यंत दम घेतला नाही. परीक्षक बाई मान डोलवत होत्या, पण असे गुलाब दिवसातून त्या किती वेळा ऐकत असतील कोण जाणे. मग त्याने ठरल्याप्रमाणे बायकोकडे वळून विचारलं, "आणि तू? तू फावल्या वेळात काय करतेस?"

"मी पोहते," बायको इंग्रजीत म्हणाली.

लाँड्रीवाल्याला वाटलं, घाबरून विसरली ही! पण गप्प बसून चालणार नव्हतं. त्याने पुढचा प्रश्न टाकला. "कुठे पोहतेस?"

"मोठ्या तलावावर. आत, छपराखाली. दुपारी आपण दुकान बंद करतो. तुम्ही झोपता. मी जाते."

वाक्यं तोकडी होती, पण एकही अडखळत नव्हतं. लाँड्रीवाला चाटच पडला. आयत्या वेळी एवढी थाप? तीही इंग्रजीत? सरांचा मंत्र खरा कळला तो हिलाच! त्याला बायकोचा अभिमान वाटला, आणि तो हौसेने प्रश्न विचारत सुटला. कोणी शिकवलं? भीती नाही वाटली?

"एक म्हातारी बाई येते. तिने शिकवलं," बायको सांगू लागली. "पहिल्या दिवशी मी रडले. पाण्यात रडलेलं कोणाला दिसत नाही, ते बरं. मग तिने मला पाठीवर झोपवलं. म्हणाली, काही करू नकोस. मला काही न करणं येत नव्हतं. दिवसभर माझे हात काहीतरी करत असतात. त्या दिवशी मी काहीच केलं नाही आणि पाण्याने मला धरून ठेवलं. कान पाण्यात होते. आवाज नाही. वर काचा होत्या, त्यातून ऊन येत होतं. मला वाटलं, एवढी मोठी मी कधीच नव्हते."

परीक्षक बाईंची लिहिणारी लेखणी थांबली होती.

"घरी कोणाला माहीत आहे?" हा प्रश्न लाँड्रीवाल्याने गुणांसाठी विचारला. थापेला चांगला शेवट मिळावा म्हणून.

"लेकीला माहीत आहे. नवऱ्याला नाही. त्या पाण्याला औषधाचा वास असतो. केसांना लागतो, अंगाला लागतो. पण आमच्या लाँड्रीत डाग काढायच्या औषधाचा तोच वास आहे. म्हणून त्यांना वास येत नाही."

लाँड्रीवाल्याने बायकोच्या केसांकडे पाहिलं.

कापडाला नुसतं नाक लावून डाग कशाचा ते सांगणारा माणूस तो. दुपारी चहाच्या वेळी बायको शेजारी येऊन उभी राहायची, केस ओले, डोळे जरा लाल, आणि तो मनात म्हणायचा, इस्त्रीची वाफ. रोज म्हणायचा. ती खरं सांगत होती. या बाईने गेली कित्येक वर्षं त्याच्या झोपेच्या वेळात एक अख्खं पाणी स्वतःचं केलं होतं, आणि तो तिला झाडांना पाणी घालायचं एक वाक्य शिकवत बसला होता.

यंत्र चालूच होतं. शांतता टिपत होतं. लेक, नातवंड, परवाना, सगळं त्या शांततेत बुडायला निघालं होतं आणि लाँड्रीवाल्याला इंग्रजीचा एक शब्द सापडत नव्हता. गुलाबसुद्धा नाही.

तेव्हा बायकोने जरा पुढे झुकून हळूच विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

आणि त्याला फुटलं ते पाठ केलेलं नव्हतं. क्रियापदं कुठल्या कुठे गेली. "खोल किती? तू खाली पाय नाही लागत तिथे? तिथे पण जाते? एकटी? मी... मी हे माहीत नव्हतो. तू मला का नाही सांग?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही एक कॉलर बघत होता. तुम्ही म्हणालात, बरं, येताना हँगर घेऊन ये."

परीक्षक बाई हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. वेळ संपल्याची घंटा कधीच वाजून गेली होती.

निकाल तासाभरात खिडकीवर मिळाला. दोघंही पास. बायकोला वरची श्रेणी. लाँड्रीवाल्याच्या कागदावर शेरा होता की सुरुवात पाठांतराची वाटली, पुढचं संभाषण मात्र उत्तम. लेकीला फोन करायचं बायकोने सुचवलं, पण तो भानावर नव्हता.

"अगं, तो तलाव कुठे आहे?" त्याने विचारलं. "आत्ता उघडा असेल?"

"असेल की. पण दुकान?"

"राहू दे बंद."

तलावाच्या काठी, प्रेक्षकांच्या बाकावर तो बूट काढून बसला. ओल्या फरशीवर चपला-बूट चालत नाहीत, हे तिनेच त्याला दटावून सांगितलं. मग ती टोपी घालून बाहेर आली, त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरली, आणि उथळ बाजू सोडून सरळ खोल पाण्याकडे निघाली. हात घाईत नव्हते. दुकानात गठ्ठे उचलणारे, कफ घासणारे तेच हात पाण्याला बाजूला सारत होते आणि पाणी सरत होतं. खोल बाजूला पोचून ती पाठीवर वळली आणि थांबली. काहीच करेना.

लाँड्रीवाला कधी उठून उभा राहिला, ते त्यालाही कळलं नाही. एवढं मोठं काही आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, असं त्याला वाटलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

काठावरच्या जीवरक्षकाला त्याचा चेहरा बघून शंका आली. "काका, घाबरू नका. चांगल्या पोहतात त्या. रोज येतात. तुम्ही ओळखता का त्यांना?"

लाँड्रीवाला पाण्याकडे बघत राहिला.

"अजून नाही," तो म्हणाला.