पाच दिशांनी आलेले अण्णा

दिवे मालवले आणि सत्तर माणसं श्वास रोखून बसली. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा हा वरचा मजला. चारही भिंतींना छतापासून जमिनीपर्यंत जाड काळे पडदे, मधे ओळीने खुर्च्या, समोर चौथऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतले नादगुरू. गेल्या बैठकीत म्हणे एका म्हातारीचा वारलेला मुलगा तिच्या उजव्या कानाशी येऊन "जेवलीस का?" असं विचारून गेला होता. तेव्हापासून सगळ्या वस्तीत दुसरा विषय नव्हता.

"शरीर जातं, कंपन राहतं," नादगुरू म्हणाले. "कंपन म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे आत्मा. हे आता मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय." कोणत्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. "जिवंत माणूस दोन कानांनी ऐकतो. आत्मा पाच दिशांनी बोलतो. आणि तो येतो तेव्हा धरणीसुद्धा हुंकार देते."

त्याबरोबर खुर्च्यांखालची फरशी घुमली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी पाय वर घेतले.

तिसऱ्या रांगेत एक लेक आपल्या आईशेजारी बसली होती. बसली कसली, खुर्चीच्या कडेला टेकली होती. तिचा पाय सारखा हलत होता आणि आईने तो दोनदा दाबून धरला होता. आई शिवणकाम करायची: शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर ठरलेल्या शुक्रवारी ऑपरेशन, आणखी थांबण्यात अर्थ नाही. आईने होकारही दिला होता. मग शेजारच्या मावशी तिला म्हणाल्या, "एवढं मोठं करायच्या आधी एकदा त्यांना तरी विचार." त्यांना म्हणजे अण्णांना, लेकीच्या वडिलांना. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

विचारायची पद्धत सोपी. कागदावर प्रश्न लिहायचा आणि गेलेल्या माणसाचा जिवंतपणीचा आवाज असलेली कॅसेट नाहीतर फाइल आठ दिवस आधी जमा करायची. आत्म्याला वाट सापडायला धागा लागतो, असं बैठकीच्या दारात नावं लिहून घेणारी बाई सांगायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. पण रांग लावून लोक त्या किल्ल्या देत होते. आईनेही लेकीला न विचारता अण्णांनी जिवंतपणी बोलून ठेवलेल्या सगळ्या फाइली देऊन टाकल्या होत्या. प्रश्न लिहिला होता, "डोळ्याचं ऑपरेशन करू का?"

"आलेत," नादगुरू कुजबुजले.

डावीकडच्या कोपऱ्यात कोणीतरी खाकरलं. अण्णाच खाकरले. नंतर त्यांचा तो घोगरा, जरा दमलेला आवाज समोरून उजवीकडे गेला, भिंतीच्या कडेने मागे सरकला आणि थेट लेकीच्या मानेशी येऊन म्हणाला, "ऑपरेशन नको. आहे ते चाललंय, चालू दे."

लेक गर्रकन वळली. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मागे काळा पडदा दिसला आणि तोंडाचा आ वासलेली चौथी रांग. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. कारण ती पोट कशावर भरायची, तर जुनी स्टिरिओ ध्वनिमुद्रणं सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांचा पाच स्पीकरांचा सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा, आवाज करण्यावर. हजार वेळा तिने आवाज लोकांच्या मागे नेऊन ठेवला होता, आणि आज तीच मागे वळून बघत होती.

"उत्तर मिळालं," नादगुरूंनी जाहीर केलं. "आता चाळीस बैठका, डोळे मिटून. नजर नादाने धुऊन निघेल."

आई पदर डोळ्यांना लावून रडत होती. खूप दिवसांनी ती अशी हलकी होऊन रडत होती.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उद्या दवाखान्यात कळवून टाक, आम्हाला करायचं नाही म्हणून."

"आई, ते अण्णा नव्हते. त्यांचा आवाज होता."

"त्यांचा आवाज म्हणजे तेच. चौतीस वर्षं संसार केलाय त्या आवाजाशी. तू मला शिकवू नकोस."

लेकीने दवाखान्यात फोन केला, पण रद्द करायला नाही. तिथली बाई म्हणाली की गुरुवारी सकाळी नऊपर्यंत नक्की सांगा, नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला जाईल आणि तुमचा नंबर पुन्हा दोन महिन्यांनी. दोन महिने त्या डोळ्यांकडे नव्हते. आदल्याच दिवशी आईने तिन्हीसांजेला दिवा लागलाय का, असं विचारलं होतं, आणि दिवा तिच्या डोक्यावरच लागलेला होता.

सोमवारी लेक स्टुडिओत गेली आणि तिने अण्णांच्या फाइली उघडल्या. अण्णा लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर करमेना, म्हणून तिने त्यांना दोन माइकचा छोटा रेकॉर्डर आणून दिला होता. त्यात ते कामाच्या आठवणी बोलून ठेवायचे. ते गेल्यावर तिने सगळं जपून कॉम्प्युटरवर घेतलं, तारखा घातल्या, आणि एकही फाइल मिनिटभराच्या पुढे ऐकली नाही. ऐकवतच नव्हती. परक्या माणसाने बसून सगळं ऐकलं होतं आणि पोटच्या पोरीने नाही. या विचाराने ती तीनदा खुर्चीतून उठली, चहा केला, तो ओट्यावरच विसरला, पुन्हा येऊन बसली.

दुपारी ते वाक्य सापडलं. पण त्याच्या पुढे-मागे आणखी बोलणं होतं. ते तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी तिने आईला स्टुडिओत आणलं, मधल्या खुर्चीवर बसवलं आणि अण्णांना आईभोवती फिरवून दाखवलं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून मागे. "बघ, मीसुद्धा आणले. कुठला आत्मा नि कुठलं काय. आता त्या दिवशीचं वाक्य पूर्ण ऐक." फाइल सुरू झाली. डॉक्टरांकडे गेलो होतो, एवढं अण्णा म्हणतात न म्हणतात तोच आई उठली.

"बंद कर. तुझा धंदाच कापायचा आणि जोडायचा. मी शिवलेला सांधा जगाला दिसत नाही, तसा तुझाही मला ऐकू यायचा नाही. मेलेल्या बापाच्या तोंडी काहीबाही घालताना तुला काही वाटत नाही?"

लेकीने फाइल बंद केली. आईचं म्हणणं खोटं थोडंच होतं? ती खरंच रोज कापत होती, जोडत होती. जिच्या हातात कात्री तिच्या कापडाची साक्ष कोण मानणार?

मंगळवारचा दिवस तिने येरझाऱ्यांत घालवला. आई नाही म्हणू शकणार नाही, असा पुरावा हवा होता. फाइल पुन्हा ऐकताना रात्रीच्या जेवणाआधी तिला तो मिळाला. तिने आईला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

"उद्या पुन्हा बैठकीला जाऊ," ती म्हणाली. "अण्णा पुन्हा नको म्हणाले तर मी स्वतः फोन करून रद्द करते. माझी एकच अट. शेवटच्या रांगेत पडद्याला लागून बसायचं, आणि अण्णांच्या बोलण्यामागे आणखी काय ऐकू येतं तेही ऐकायचं."

"मागे काय असणार?"

"ते तूच मला सांग."

बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नादगुरूंना आई परत आल्याचा फार आनंद झाला. "शंका येतेच माउली. पतीच्या तोंडून पुन्हा ऐका." दिवे गेले, धरणीने हुंकार दिला, अण्णा डाव्या कोपऱ्यात खाकरले.

आईने मान जरा तिरकी केली. नजर अधू झाल्यापासून तिचे कान तिखट झाले होते, पण त्या दिवशी ते नवऱ्याच्या शब्दांवरच खिळले होते. मन जिथे जाऊन बसतं तिथेच कान जातात, ही काही तिची एकटीची गोष्ट नाही. आज मात्र तिने शब्द जाऊ दिले. अण्णा पुढे बोलत होते, आणि मागे, अगदी तिच्या डोक्याशी, काहीतरी बारीक घरघरत होतं. घरघर, घरघर, टक्. घरघर, घरघर, टक्.

"थांबा," आई म्हणाली.

असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. अण्णासुद्धा मधेच थांबले, हे तेव्हा फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"हे माझं मशीन आहे," आई अंधारात उभी राहून म्हणाली. "पायाचं मशीन. पट्टा तुटला तेव्हा मी तार घालून जोडला. तो सांधा चाकावरून गेला की टक् वाजतं. त्यावर शिवतेय ती मीच."

"माउली," नादगुरू मधाळपणे म्हणाले, "आत्म्याबरोबर घराची कंपनंही येतात. वस्तूंनाही स्मृती असते."

"वस्तूचं राहू द्या. मशीन चालवायला पाय लागतात. आमचे हे तिकडून आले, मान्य. पण मी जिवंत आहे, इथे तुमच्यासमोर उभी आहे. मग माझे पाय तुम्ही कुठून बोलावलेत?"

कोणीतरी फिसकन हसलं. नादगुरूंनी बैठक भंग पावल्याचं, आत्मा दुखावल्याचं, सगळ्यांनी शांत बसण्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. तोवर आईचे हात मागच्या पडद्यावर फिरत होते. पडदे शिवण्यात जन्म गेलेल्या बाईला कापडाची फट शोधायला डोळे लागत नाहीत. तिने शिवण चाचपली, जोड सापडला, आणि पडदा बाजूला ओढला.

"दिवे लावा कोणीतरी," लेक ओरडली.

दिवे लागले. पडद्यामागे माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर स्पीकर होता. मग काय, प्रत्येकाने आपल्या बाजूचा पडदा ओढला. मागे दोन, समोर तीन, आणि चौथऱ्याखाली धुण्याच्या मशीनएवढा एक काळा डबा, तीच ती हुंकार देणारी धरणी. चौथऱ्यामागच्या फळीआड नादगुरूंचे जावईबापू लॅपटॉपसमोर घाम पुसत बसले होते. पूर्वी ते समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. सासऱ्यांच्या कृपेने त्यांची बढती झाली होती.

"यात जादू नाही," लेक म्हणाली. "अण्णांच्या रेकॉर्डरला दोन माइक होते, डावा आणि उजवा. अण्णा समोर बसून बोलायचे, म्हणून त्यांचा आवाज दोन्हीकडे सारखा आला. मशीन खोलीत एका कडेला होतं, म्हणून ते एकीकडे जास्त आलं, दुसरीकडे कमी. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंत सारखं आहे ते वेगळं काढतं. ते समोर ठेवायचं, नाहीतर हवं तिकडे फिरवायचं. उरलेली खोलीची घरघर मागच्या स्पीकरांना द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं आपण त्या खोलीतच बसलोय. गाण्यांना, नाटकांना आम्ही हेच करतो. फक्त आम्ही त्याला आत्मा म्हणत नाही. यांनी नको असलेलं मशीन पुरतं पुसायचा कंटाळा केला, तेवढ्यावर पकडले गेले."

"आणि उत्तरं?" चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं. "माझे भाऊ माझ्या प्रश्नाला बरोबर उत्तर देऊन गेले."

"प्रश्न आठ दिवस आधी यांच्या हातात, तासन्‌तास बोलणं यांच्या हातात. शोधलं की हवं ते वाक्य सापडतं. आई, ये. ही तू दिलेली फाइल, यांच्याच कॉम्प्युटरवर आहे. माझी कात्री हिला लागलेली नाही."

आई जवळ येऊन उभी राहिली. जावईबापू मुकाट्याने बाजूला झाले. लेकीने फाइल सुरू केली. अण्णा आता भिंतीवरून फिरले नाहीत. समोर एका जागी बसून बोलावं तसे बोलले, मागे मशीन चालू होतं.

"डॉक्टरांकडे गेलो होतो. म्हणाले छाती उघडावी लागेल. मी म्हणालो, ऑपरेशन नको. आहे ते चाललंय, चालू दे. घाबरलो होतो, दुसरं काय. हिला सांगितलं नाही. आत्ताही मशीन चालू आहे म्हणून बोलतोय, तिला ऐकू जायचं नाही. आता एक मजला चढलो की बसावं लागतं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट चढवल्या, आणि मला जिना चढवत नाही. चूक केली मी. वेळेवर करून घ्यायला हवं होतं. कोणी असं करू नये."

आई लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवून उभी होती. सहा वर्षं ती म्हणत आली होती की अण्णा काही न दुखता, अचानक गेले.

"मला सांगितलं नाही," ती म्हणाली. मग नादगुरूंकडे वळली. "तुम्ही हे सगळं ऐकलंत. शेवटपर्यंत ऐकलंत. आणि त्यातलं अर्धंच मला ऐकवलंत. डोळे माझे जाणार होते हो."

नादगुरूंकडे त्यावर ऊर्जा नव्हती, कंपन नव्हतं, काहीच नव्हतं. लोक चिडून चौथऱ्याकडे सरकायला लागले तेव्हा लेक मधे उभी राहिली. मारामारी करू नका, म्हणाली, पोलिसांना बोलवा आणि आधी आपापल्या फाइली परत घ्या. सगळे फाइलींकडे वळले. एकटी "जेवलीस का?"वाली म्हातारी जागची उठली नाही.

"म्हणजे माझा मुलगा आलाच नव्हता?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. लेक तिच्यासमोर खाली बसली. "नाही आजी. पण विचारलं होतं त्यानेच. जिवंतपणी, तुम्हालाच. ती कॅसेट तुमची आहे. घरी लावा, रोज ऐका. रडायचं तर रडा. फक्त काय करायचं, औषध घ्यायचं की नाही, ते कॅसेटला विचारू नका. ते डॉक्टरला विचारा, पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आणि जो माणूस दिवे मालवल्याशिवाय काही दाखवत नाही, त्याला आधी दिवे लावायला सांगा."

म्हातारी उठली. मग तिने कॅसेट मागून घेतली आणि पिशवीत ठेवली.

जिना उतरताना आईने लेकीचा दंड धरला. तिला पायऱ्यांच्या कडा नीट दिसत नव्हत्या. खालच्या वळणावर ती थांबली.

"उद्या नऊपर्यंत कळवायचंय ना दवाखान्यात?"

"हो."

"साडेआठलाच कर फोन," आई म्हणाली. "आणि मला दे. माझं मी सांगते."