मागच्या दाराने

मुलांना नेतृत्व शिकवा, असा वरून हुकूम आला तेव्हा मी वक्तृत्व स्पर्धा घेतली नाही. भाषणं ठोकणारे पैशाला पासरी मिळतात. मी नववीच्या वर्गाचे पाच-पाच जणांचे गट केले आणि सांगितलं, लोकांना जाचणारा एक नियम निवडा आणि तो बदलून दाखवा. रंगीत तक्ते आणलेत तर फाडून टाकीन.

तोफेच्या गटाने सरकारी इस्पितळाचा नियम धरला: अतिदक्षता विभागात बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. तोफ म्हणजे गटाची पुढारी, तोंडाला लगाम नसलेली पोरगी. तिची आई त्याच विभागात होती, आणि धाकटी बहीण चिमी दाराबाहेर रडत बसायची. मामा तिथेच रात्रपाळीला वॉर्डबॉय. त्याला भाचीचं रडणं बघवेना. एका संध्याकाळी पाळीवर येताच त्याने तिला मागच्या दाराने आत नेलं. पोर जराही घाबरली नाही. आईच्या हाताला गाल लावून बसली, आणि त्या दिवशी आईने दोन घास जास्त खाल्ले.

इस्पितळाच्या समितीने गटाला बोलावलं. आदल्या दिवशी तोफ माझ्याकडे आली.

"बाई, ते म्हणणार, लहान मुलं आत घाबरतात. आमच्याकडे पुरावा एकच, आमची चिमी. पण सांगितलं तर मामाच्या नोकरीवर येईल."

"मग नको सांगू. नियम गेला खड्ड्यात."

"आणि बाहेर बसलेली बाकीची पोरं?"

मला रागच आला. माझंच शिकवणं माझ्यावर उलटत होतं. "मामाला विचार," एवढंच म्हणाले.

मामा तिला म्हणाला, "सांग बिनधास्त. फार तर घरी बसेन."

समितीत नेमका तोच प्रश्न आला. अधीक्षकांनी विचारलं, "मुलं घाबरत नाहीत, हे कशावरून?" चौघांनी माना खाली घातल्या. तोफेने सगळं सांगितलं, मामाचं नाव घेऊन. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की अधीक्षकांना पुढे वाकावं लागलं.

नियम बदलला. मामाची नोकरी वाचली. बदली झाली धुलाईखान्यात, आणि विभागात पाऊल टाकायला बंदी. एवढ्यावरच निभावलं म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

नवा नियम लागू झाला त्या दिवशी मी दोघी बहिणींबरोबर गेले. आईने चिमीला जवळ ओढलं, तिचे केस सारखे केले. मग म्हणाली, "दादा दिसत नाही गं. रजेवर आहे का?"

तोफेने खरं ते सांगितलं.

"रात्री जीव घाबरा झाला की तोच येऊन बसायचा," आई म्हणाली. "आता कोण बसेल?"

मामाला आम्ही विचारलं होतं. आईलाही विचारायला हवं, हे ना तोफेला सुचलं, ना मला. तोफ माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.