शनिवारची फेरी

मित्रांनो, बाहेरून पाहिलंत तर मी तुम्हाला एक काळपट तांब्याचा प्याला दिसेन. पण जरा वाकून आत बघा. आत कलई चमकते आहे. खामगावच्या रस्त्यावरच्या एका लहानशा गावात, टिनाच्या छपराखाली जी ख्रिस्ती मंडळी जमते, तिच्या प्रभुभोजनाचा प्याला मी. वय विचाराल तर मला घडवणारा खामगावचा तांबट आता नाही, आणि त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या अंगावर अजून आहेत.

महिन्याचा पहिला रविवार माझा. शालूबाई काळ्या मनुका मंद जाळावर उकळायच्या, फडक्यातून गाळून तो रस माझ्यात ओतायच्या. पाळक भाकर मोडायचे. मग शेतावरून आलेले, शाळेत शिकवणारे, कालच दवाखान्यातून सुटलेले, सगळ्यांचे ओठ माझ्या एकाच काठाला लागायचे. प्रभू आपल्यासाठी मोडला गेला, हे त्या माणसांना दर महिन्याला जिभेवर कळायचं.

पण माझं खरं काम आदल्या दिवशी असे. शनिवारी दिवेलागणीच्या आधी मंडळीचे पंच, आमचे कारभारी मामा, मला रिकामाच हातात घेऊन घरोघर फिरायचे. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी नाही, त्याने माझ्यावर हात ठेवायचा. ज्याच्या मनात आहे, त्याने आधी त्या माणसाकडे जाऊन यायचं. एकदा दोन शेजारणी कोंबडीवरून भांडल्या होत्या. त्या शनिवारी दोघी एकमेकींच्या दारात गेल्या, वाटेतच गाठ पडली आणि रस्त्यातच हसू फुटलं. आमच्या गावात भांडण महिन्याहून मोठं होत नसे.

मग कोरोना आला. एका प्याल्याला ओठ लावणं बंद झालं. ते बरोबरच होतं; मी रुसलो नाही. पण आजार गेला, तरी मी कपाटातच राहिलो.

"दर महिन्याले घेतलं तं लोकायले किंमत राहत नाही," कारभारी म्हणाले. "नाताळाले एक डाव घ्या, मानानं घ्या."

मला लाल मखमलीत गुंडाळलं, चर्चमधल्या काचेच्या कपाटात ठेवलं, किल्ली कारभारींच्या खिशात गेली. नाताळात प्लास्टिकच्या इवल्या पेल्यांतून रस वाटला जाई. मी काचेआड, मखमलीतून नुसतं ऐकत असे. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि इतका निरुपयोगीही मी कधी नव्हतो.

त्याच काळात कारभारींच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिकेत शालूबाईंचं नाव राहून गेलं. शालूबाई म्हणजे कारभारींची सख्खी थोरली बहीण. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त चर्चला येणं सोडलं. पूर्वी असतं तर पुढच्याच शनिवारी मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो असतो. आता शनिवार नुसतेच येत-जात राहिले. अकरा महिने झाले.

यंदा प्रेमानंद नावाचे तरुण पाळक आले. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

"मामा, हा काऊन बंद?"

"किंमत राहावी म्हणून."

"मामी तुमाले रोज भाकर वाढते. तिची किंमत कमी झाली काय?"

मागच्या बाकावरून मामीचा आवाज आला, "इचारा, इचारा त्याइले."

अखेर ठरलं: आता दर महिन्याला प्रभुभोजन. एका प्याल्यात प्रत्येकाने भाकरीचा तुकडा बुडवून घ्यायचा. मखमल सोडली, तर आत कलईचे पोपडे उडालेले आणि तळाशी हिरवा कळंक. कारभारींचा चेहरा उतरला. मला पिशवीत घालून त्यांनी खामगावची एस. टी. पकडली.

कलईवाले गुलाम रसूल यांनी मला उन्हात धरलं. "माह्या अब्बानं कलई केली होती याची. किती दिवसांपासून बंद होता, भाऊ?"

"पाच-सहा वर्षं. मखमलीत ठेवला होता, चाचा."

"मखमलीत कोणाले दिसते? वापरातल्या भांड्यात माणूस रोज डोकावते. कलई गेली, की त्याच दिवशी समजते. तुम्ही डोकावलेच नाही."

भट्टी फुलली. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं, कापसाचा बोळा माझ्या पोटातून फिरला. पोळलो खरा, पण उजळलो. कारभारी मात्र धुराआड खाली मान घालून बसले होते. परतीच्या एस. टी.त त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं, आणि दर थोड्या वेळाने ते आत डोकावत होते.

शनिवारी फेरी निघाली. एकेक हात माझ्यावर पडत गेला. शालूबाईंचं घर वाटेत पहिलं लागतं. ते कारभारींनी शेवटी ठेवलं. दाराशी त्यांनी चपला काढल्या. आत शालूबाई तांदूळ निवडत गुणगुणत होत्या:

*तांब्याच्या प्याल्याले, बाई, कथलाची साय*
*भावाच्या मनामंदी राग राहतो काय*

"बाई," कारभारी म्हणाले.

गाणं थांबलं. "पत्रिकेत नाव नाही, अन् प्याल्यावर हात ठेवाले बरी आठवली?"

"चुकलं माह्यं. छापून आल्यावर ध्यानात आलं. मंग तुह्या समोर यायची लाज वाटे."

"अकरा महिने?"

"हाव. फेरी असती तं यावंच लागलं असतं."

शालूबाईंनी मला हातात घेतलं, उजेडाकडे तिरपं केलं, आत डोकावून पाहिलं. कितीतरी वेळ. मग आपला सुरकुतलेला तळवा माझ्यावर ठेवला.

"कलई चांगली झाली. मनुका आणल्या काय?"

कारभारींनी कपाळाला हात लावला. मनुका विसरल्या होत्या.

"माहीत होतं मले," त्या उठल्या आणि डब्यातून पुडी काढली. "दर महिन्याले आणून ठेवते मी. फेरी आली नाही, की नातवं खाऊन टाकतात. लय लठ्ठ झाले तुह्या चर्चपायी."

दुसऱ्या दिवशी माझ्यात पहिला तुकडा शालूबाईंनी बुडवला आणि दुसरा कारभारींनी. तेव्हापासून एकही पहिला रविवार चुकलेला नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एखादी पवित्र वस्तू असेल, तर तिला मानाच्या नावाखाली कुलूप लावू नका. तिला हात लागू द्या, ओठ लागू द्या. माझी कलई पुन्हा उडेल, उडू द्या. गुलाम रसूल खामगावातच आहेत, आणि महिन्यातून एकदा माझ्यात डोकावणारं माणूस आता आहे.