मुळातला अर्थ

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मीच घेणार, असं तिला स्मशानात नेलं त्याच दिवशी आबांनी सांगून टाकलं. मुरबाडचे एक बौद्धाचार्य आपणहून यायला तयार होते. आबा म्हणाले, "तीस वर्षं लोकांच्या घरी केलं. माझ्याच घरी दुसरा कशाला?" मी मान हलवली. त्या आठवड्यात मी सगळ्यालाच मान हलवत होते. तांदूळ किती घ्यायचा, मांडव कुणाचा, खुर्च्या डोळखांबहून आणायच्या की शाळेतल्या चालतील. मला काही वाटतच नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक मात्र वेळेवर लागत होती आणि झोपही. मी धसईला आरोग्य केंद्रात नर्स आहे, तेव्हा लोकांनी आपापसात ठरवलं की हिला सवय असणार.

आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना शब्दांची मुळं खणायचा नाद. बाकीच्या बापांना तंबाखूचा असतो, आमच्या बापाला पाली कोशाचा. त्यांचं म्हणणं एकच होतं. अर्थ न कळता म्हटलं तर ते भगताचं मंत्र टाकणं, अर्थ कळून म्हटलं तर ती वंदना. विहारात एखादी म्हातारी भक्तिभावाने पंचशील म्हणत असली तरी तिला मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, "वेरमणी म्हणजे काय, सांग." म्हातारी बिचारी गप्प. पुण्यानुमोदनात बायका रडायला लागल्या की हात वर करायचे. "अनु म्हणजे मागोमाग. मोदन म्हणजे आनंद मानणं. गेलेल्या माणसाने जे चांगलं केलं, त्याचा आनंद मानायला आपण जमलोय. रडायचं असेल तर घरी रडा." बायका पदर तोंडात धरून गप्प बसायच्या. मला आबांचा तेव्हा फार राग यायचा. बोलून दाखवला की म्हणायचे, "तुला मुळातला अर्थ नाय कळत."

आईचा बाप दीक्षा घेण्याआधी भगत होता. विंचू उतरवायचा. ती विद्या म्हणा, खोड म्हणा, आईच्या हातात आली होती. विंचू चावलेलं माणूस दारात आलं की ती आधी कुणाला तरी जीप बोलवायला पिटाळायची. मग त्याच्यासमोर बसायची, दंश झालेला हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत झाकून घ्यायची आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणत राहायची. जीप यायला कधी अर्धा तास लागे, कधी दीड. तेवढा वेळ ती हात सोडायची नाही. पाड्यांवरचे ठाकर लोकही तिच्याकडे यायचे. वेदना कमी व्हायची की नाही, नर्स म्हणून मला ते सांगता येणार नाही. माणसाचं विव्हळणं थांबायचं, एवढं मी पाहिलेलं आहे.

बारा वर्षांपूर्वी पाड्यावरच्या कोंडूला विंचू चावला म्हणून आणलं, तेव्हा आबांबरोबर शहापूरचे चार पाहुणे होते, पांढऱ्या कपड्यांतले, धम्मकार्यातले. कोंडू ओटीवर बसलेला, त्याचा हात आईच्या तळव्यांत, आणि आई म्हणतेय, बुद्धं सरणं गच्छामि. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाचं भगतपण तू बुद्धाच्या नावावर चालवतेस. लाज नाय वाटत?" आईने कोंडूचा हात सोडला आणि आत गेली. कोंडू जीपची वाट बघत ओरडत राहिला. डोळखांबला इंजेक्शन मिळालं, वाचला. त्यानंतर आईने कधी कुणाचा हात धरला नाही. लोक येईनासे झाले. आबांना वाटलं, बायको सुधारली.

कार्यक्रमाला दीडशे माणसं आली. आईचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. आबांनी वंदना घेतली. आवाज खणखणीत, उच्चार नेहमीसारखे. मग ते पुण्यानुमोदनावर आले. "अनु म्हणजे मागोमाग," ते म्हणाले. "मोदन म्हणजे…"

तिथे ते थांबले.

लोकांनी वाट पाहिली. आबांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी अडले. मग समोर बसलेल्या माणसांना, एखाद्या पोराने गृहपाठ केला नाही हे सांगावं तसं, ते म्हणाले, "मला हे म्हणता येत नाय. मला त्याचा अर्थ म्हाईत आहे."

शेजारची जना आजी माझ्या कानाशी लागली. "तू म्हण गो. कार्य अर्धं राहू नये."

मी उठले आणि सगळं म्हटलं. अर्थासकट म्हटलं, आनंद या शब्दासकट. कुठेही अडले नाही. लोकांनी तीनदा साधु म्हटलं, आबांनीही त्यांच्यात आवाज मिसळला. मग पंगती बसल्या.

दुपारी चारपर्यंत मांडव रिकामा झाला. मी पातेली घासत होते. आबा मागच्या दारी येऊन पायरीवर बसले.

"तुला कसं म्हणता आलं?"

"काही वाटत नव्हतं म्हणून."

त्यांनी पायरीवरचं उष्टं पान खाली सारलं. मग म्हणाले, "तीपण तशीच म्हणायची. अर्थ नाय, काय नाय. पण थांबायची नाय कधी."

खरं तर मी मान हलवायला हवी होती. आठवडाभर तेच केलं होतं. पण हे मला सहन झालं नाही.

"आईला अर्थ माहीत होता, आबा. तुम्हीच सांगितलेला. मी चौथीत होते. तुम्ही मला शिकवत होतात की शरण म्हणजे मुळात निवारा, घर. माणूस उन्हापावसातून आत शिरतो ते. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. त्याआधी ती निरगुडीच्या डहाळीने विंचू उतरवायची, तिच्या बापासारखी. दुसऱ्या दिवसापासून तिने डहाळी टाकली आणि हात धरायला लागली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, घर करते त्याला. जीप येईस्तोवर त्याने बसायचं कुठं?"

मी पातेलं विसळलं आणि उपडं घातलं.

"मग मला कोण बोललं नाय ते."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी सांगितलं नाही."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

कोंबड्या उष्ट्यावर जमल्या होत्या, त्यांना कुणी हाकलत नव्हतं. आबा पुन्हा बोलले. त्यांचा आवाज विहारात प्रश्न विचारायचे तसा मुळीच नव्हता.

"दवाखान्यात तू होतीस तिच्याजवळ. मी औषधं आणायला खाली गेलेलो. शेवटाला तिचा हात कोणी धरला होता?"

तिने हात पुढे केला होता. मी केसपेपर भरत होते. मी म्हटलं होतं, आई, हात हलवू नकोस, सुई निघेल. तिने तो लगेच सरळ ठेवला, चादरीवर, पालथा.

"कोणीच नाही," मी म्हणाले. "सलाईन लावलं होतं."